वय एक, टप्पा दुसरा: मूल वाढतं कसं आणि ते मोजायचं कसं

(मंचावरची चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मोजपट्टी

बारा वर्षांची पंधरा-वीस मुलंमुली एका रांगेत उभी करून बघा. कुणी नऊचं वाटेल, कुणी सोळाचं. आपण लगेच एकाला ‘थोराड’ म्हणतो, दुसऱ्याला ‘खुरटलेला’, आणि बहुतेक वेळा दोन्ही चुकतं. वय सगळ्यांचं बारा असलं तरी शरीराचं घड्याळ ज्याचं त्याचं. माझं म्हणणं थोडक्यात असं: वाढीचा क्रम पक्का, वेळ कच्ची. म्हणून वयाकडे बघण्याऐवजी क्रम आणि वेग बघावा.

आधी वेगाचा हिशोब. पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंमी वाढतं, दुसऱ्यात १० ते १२, तिसऱ्यात ८ च्या आसपास. मग दरसाल ५-६ सेंमी अशी संथ चाल कित्येक वर्षं. वयात येण्याच्या तोंडावर वेग आणखी उतरतो, ४-५ वर येतो (घरच्यांना घोर लागतो तो नेमका तेव्हाच), आणि मग उसळी. मुलींची उसळी साडेअकरा-बाराच्या सुमारास शिखर गाठते, दरसाल ८ सेंमीच्या जवळपास. मुलांची साडेतेरा-चौदाला, ९ ते १० सेंमी. म्हणजे मुलाला संथ वाढीची दोन वर्षं जास्त मिळतात, वर उसळीही मोठी. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या सरासरी उंचीत जो सुमारे १३ सेंमीचा फरक असतो, तो मुख्यतः इथून येतो.

ही उसळी कागदावर पहिल्यांदा दिसली ती फ्रान्समध्ये. माँबेयार नावाच्या गृहस्थाने १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षं आपल्या मुलाची उंची नोंदवली आणि ब्यूफाँने ते आकडे छापले. उंचीचा आलेख म्हणजे नुसता चढ. पण दर वर्षी किती वाढला याचा आलेख काढला की आधी उतार, मग चौदाच्या आसपास एकच टेकडी. आजही घरी तेच करावं.

मोजताना घोळ होतात ते असे:

भिंतीला पाठ, पाय अनवाणी, टाचा जुळलेल्या. टाचा, ढुंगण, पाठीचे खवटे भिंतीला टेकलेले. डोकं टेकलंच पाहिजे असं नाही, पण डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत हवी. मुलं हनुवटी वर करतात, तिथेच अर्धा सेंटिमीटर गडबड होते. भिंतीखाली लाकडी पट्टी असेल तर टाच टेकत नाही, म्हणून दाराच्या चौकटीशी किंवा सपाट भिंतीशी उभं करा. डोक्यावर वही तिरकी ठेवू नका, काटकोनी ठोकळा ठेवा. तीनदा मोजा, मधला आकडा घ्या. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून उंची सेंटिमीटरभर उतरते, तेव्हा वेळ दर खेपेला तीच. दोन वर्षांखालचं मूल आडवं ठेवून मोजतात आणि ते माप उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंमी जास्त भरतं. दुसऱ्या वाढदिवसानंतर ‘उंची घटली’ म्हणून घाबरण्याचं हे नेहमीचं कारण.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. समजा तीन महिन्यांत १.२ सेंमी वाढ दिसली. चारने गुणलं की वर्षाला ४.८. पण दोन्ही मापांत अर्ध्या अर्ध्या सेंमीची चूक शक्य धरली तर खरी वाढ ०.२ ते २.२ मधली कुठलीही, म्हणजे वर्षाला ०.८ ते ८.८! या आकड्याला काही अर्थ नाही. किमान सहा महिने, खरं तर वर्षाचं अंतर हवं.

पाटीपेन्सिल

वाचनखूण साठवली. पण ‘क्रम पक्का’ हे जरा जपून.

तान्ह्या मुलांचंच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत (घाना, भारत, नॉर्वे, ओमान, अमेरिका) निरोगी मुलांचा अभ्यास केला आणि २००६ मध्ये निष्कर्ष आले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, हातागुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६. चालण्याची खिडकी नऊ महिन्यांहून रुंद! आणि ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढच्या टप्प्यावर गेली. म्हणजे क्रमातली पायरी गळू शकते आणि तरी काही बिघडत नाही.

मोजपट्टी

मान्य. मान सावरणं, बसणं, उभं राहणं, चालणं हा वरून खाली जाणारा क्रम टिकतो. रांगणं त्यात ऐच्छिक. ‘रांगलं नाही म्हणून मागे पडलं’ हे डोक्यातून काढावंच. मात्र काही गोष्टींत थांबू नये: १८ महिन्यांपर्यंत स्वतःहून चालत नसेल, बोटाने दाखवत नसेल, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत आपले आपण दोन शब्द जोडत नसेल (नुसती नक्कल धरायची नाही). आणि आलेलं कौशल्य गेलं, तर कुठल्याही वयात लगेच दाखवावं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दुरुस्त करून धरायचं. आठ आठवडे आधी जन्मलेलं मूल सहा महिन्यांचं झालं की मोजपट्टीवर ते चार महिन्यांचं. ही दुरुस्ती दोन वर्षांपर्यंत.

दाढीमिशी

अवांतर: ‘पौगंड’ शब्दाची गंमत. जुन्या संस्कृत वाटणीत पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड आणि पुढे पंधरापर्यंत कैशोर. म्हणजे मुळात पौगंड हे दुधाचे दात पडणारं पोर! मराठीत तो शब्द पुढे सरकला आणि मिसरूड फुटणाऱ्यांना लागला. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरावस्था म्हणते, तेव्हा ‘किशोर’ हाच शब्द जास्त बरोबर बसतो.

दाढ क्रमांक सहा

दुधाच्या दातांचा विषय निघालाच आहे तर एक नुकसानीची गोष्ट. दुधाचे दात २०. पहिला साधारण सहाव्या महिन्यात, सगळे अडीच-तीन वर्षांपर्यंत. सहाच्या सुमारास खालचे पुढचे दात हलायला लागतात, त्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पण त्याच सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे कायमची पहिली दाढ गुपचूप येते. तिच्या जागी काही पडलेलं नसतं, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात. ‘पडणारच आहे’ म्हणून किडू देतात. ती जन्माची असते. आल्या आल्या तिच्या चरांत ब्रश नीट पोचत नाही, कारण ती अजून शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते. ब्रश आडवा, गालाच्या बाजूने आत घालून घासावा लागतो. चर खोल असतील तर दंतवैद्य ते बुजवून देतात. बारा-तेरापर्यंत २८ दात पूर्ण. अक्कलदाढा १७ ते २१, काहींना येतच नाहीत.

कच्चा लिंबू

पाळी आली की उंची थांबते असं सर्रास म्हणतात. कितपत खरं? आणि लटकल्याने उंची वाढते का, तेही सांगून टाका.

उंबरठा

पाळी उसळीच्या शिखरानंतर येते, म्हणून तसं वाटतं. वेग उतरणीला लागलेला असतो, थांबलेला नसतो. पाळीनंतर सरासरी ५ ते ७ सेंमी वाढ उरते. लवकर आली तर थोडी जास्त, उशिरा आली तर कमी.

मुलींचा क्रम असा: आधी स्तनाग्राखाली लहानशी गाठ, ८ ते १३ या वयात केव्हाही. ती बहुधा एकाच बाजूला येते, दुखते, आणि घरात नको त्या आजाराची भीती शिरते. दुसरी बाजू काही महिन्यांत येते. त्या गाठीला हात लावायचा नाही, कापून तपासायचं तर मुळीच नाही, कारण पुढचा सगळा स्तन त्यातूनच घडायचा असतो. मग लव, उंचीची उसळी, आणि पहिल्या गाठीनंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी. पहिली दोन वर्षं चक्र बेभरवशाचं असतं, कारण बऱ्याचदा बीज सुटतच नाही. २१ ते ४५ दिवसांचं अंतर या काळात चालतं. सात दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव, दर तास-दोन तासांनी पॅड भिजणं, किंवा ९० दिवसांहून मोठा खंड, हे दाखवावं.

मुलांचा क्रम वेगळा आणि बाहेरून न दिसणारा. सुरुवात अंडकोष वाढण्याने, ९ ते १४ मध्ये. डॉक्टर मण्यांची माळ वापरतात, १ ते २५ मिलि आकाराचे बारा मणी. ४ मिलिचा मणी जुळला की वयात येणं सुरू. मग लव, लिंगाची वाढ, आवाज फुटणं, उंचीची उसळी, आणि मिसरूड: आधी ओठाच्या कोपऱ्यांवर, मग मध्ये, गाल आणि हनुवटी शेवटी. मुलींची उसळी या मालिकेच्या सुरुवातीला, मुलांची उत्तरार्धात. म्हणून बाराच्या रांगेत मुली उंच दिसतात. निम्म्याच्या आसपास मुलांना मधल्या काळात छातीवर थोडी सूज येते. सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांची जाते. पण तोवर पोरगं पोहायला जाणं बंद करतं, आणि घरात कुणाला कारण कळत नाही. कुणीतरी एका वाक्यात सांगून टाकावं.

या पायऱ्यांना टॅनर श्रेणी म्हणतात, एक ते पाच. मार्शल आणि टॅनर यांनी मुलींच्या १९६९ मध्ये आणि मुलांच्या १९७० मध्ये मांडल्या.

लटकण्याबद्दल: चकत्या ताणून सकाळची उंची संध्याकाळी परत मिळेल, बस. हाड लांब होतं ते टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून, आणि ती पट्टी बुजवतं एस्ट्रोजेन, मुलांतही. १९९४ मध्ये एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरात एस्ट्रोजेनचा संदेश पोचत नव्हता आणि २८ व्या वर्षी, २०४ सेंमीवर, तो अजून वाढत होता. पट्टी बुजली की भुकट्या, गोळ्या, दोर, सगळं फुकट.

शिट्टी

खेळाच्या अंगाने भर घालतो, कारण टप्पा न बघता वयाप्रमाणे गट पाडल्याने सगळ्यात जास्त नुकसान मैदानावर होतं.

दोन मुलगे घ्या, दोघंही तेरा वर्षांचे, दोघंही १५० सेंमी. आईवडिलांच्या उंचीवरून अंदाज काढायची रीत: दोघांची बेरीज, मुलगा असेल तर अधिक १३, मुलगी असेल तर वजा १३, भागिले दोन. वडील १७०, आई १५६ तर मुलाचा अंदाज १६९.५ आणि मुलीचा १५६.५, दोन्हीकडे साडेआठ सेंमी इकडेतिकडे. पहिल्या मुलाचा अंदाज १६९ निघाला तर तो आज त्या उंचीच्या ८९ टक्क्यांवर आहे, उसळी पुढे आहे. दुसऱ्याचा १६० निघाला तर तो ९४ टक्क्यांवर, शिखर बहुधा मागे पडलं. (शिखर प्रौढ उंचीच्या नव्वद टक्क्यांच्या पुढेमागे येतं.) आज दुसरा धावण्यात, धक्क्यात भारी पडेल आणि निवड त्याची होईल. सतराव्या वर्षी चित्र उलटं असू शकतं, पण तोवर पहिल्याने खेळ सोडलेला असतो. म्हणून काही ठिकाणी ८५-९०, ९०-९५ अशा टक्क्यांच्या पट्ट्यांत गट पाडून खेळवतात.

उसळी ओळखायची खूण: वाढ टोकाकडून आत येते. आधी बूट घट्ट, मग पँट आखूड, शर्ट शेवटी. वर्षात दोनदा बूट बदलले की सराव सांभाळा. पाय लांब होतात, पण मेंदूकडचा त्यांचा नकाशा जुनाच असतो, म्हणून पोर काही महिने अडखळतं, भांडी पाडतं, नेमही बिघडतो. त्यात हाडाची लांबी आधी वाढते आणि खनिज मागून भरतं. मनगटाजवळची हाडं मोडण्याचं प्रमाण याच काळात जास्त. गुडघ्याखालचा उंचवटा दुखायला लागला तर स्नायूबंध कोवळ्या हाडाला खेचतोय असं समजा. उड्या आणि पल्ले कमी करा, खेळ सगळा बंद नको.

रात्री पाय दुखण्याला ‘वाढीची कळ’ म्हणतात ते नाव फसवं आहे. ते दुखणं ३ ते १२ वयात असतं, उसळीशी त्याचा संबंध नाही. दोन्ही पाय दुखतात, रात्री, आणि सकाळी मूल उड्या मारतं. एकच पाय, सांध्याला सूज, ताप किंवा लंगडणं असेल तर ती वाढीची कळ नव्हे.

पाटीपेन्सिल

शरीराचं झालं, आता मनाकडे. इथे ‘पक्का क्रम’ आणखी सैल होतो.

मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेले मुलांच्या विचारशक्तीचे चार टप्पे सगळ्यांना पाठ: ० ते २, २ ते ७, ७ ते ११, पुढे ११ नंतर. त्याचा पाण्याचा प्रयोग घरी करतात आणि बहुतेक चुकीचा करतात. दोन एकसारखे पेले, सारखं पाणी. ‘दोन्हीत सारखं आहे’ हे मुलाने स्वतः म्हणेपर्यंत थेंब थेंब घालत राहायचं. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं व्यर्थ. मग एका पेल्यातलं पाणी मुलासमोर उंच, अरुंद भांड्यात ओतायचं. प्रश्न तीन पर्यायांचा: ‘ह्यात जास्त, त्यात जास्त, की सारखंच?’ पाच वर्षांचं पोर म्हणेल, ‘ह्यात जास्त, हे उंच झालं.’ मग ‘कशावरून?’ हे विचारायचंच. सात-आठच्या पुढचं म्हणेल, ‘तेच तर पाणी आहे, परत ओतलं की तेवढंच.’

खोच अशी की ओतण्याआधी आणि नंतर तोच प्रश्न मोठ्या माणसाने दोनदा विचारला की मुलाला वाटतं, पहिलं उत्तर चुकलं असणार. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी मोठ्या माणसाऐवजी खोडकर अस्वलाच्या बाहुलीकडून सोंगट्यांची रांग विस्कटली, तर ४ ते ६ वर्षांची कितीतरी जास्त मुलं ‘तेवढ्याच आहेत’ म्हणाली. म्हणजे टप्पा मुलात किती आणि विचारणाऱ्याच्या पद्धतीत किती, हा प्रश्न उरतोच. शेवटचा टप्पा तर सगळ्या प्रौढांनाही सगळ्या विषयांत गाठता येत नाही.

चारच्या आसपास मात्र एक खरा वळणबिंदू आहे: दुसऱ्याच्या डोक्यात चुकीची समजूत असू शकते हे कळणं. एकीने चेंडू टोपलीत ठेवला, ती गेली, दुसरीने तो खोक्यात हलवला. पहिली परत येऊन कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल ‘खोक्यात’ म्हणतं, चारच्या पुढचं ‘टोपलीत’. खोटं बोलण्यात मुलं याच सुमारास तरबेज व्हायला लागतात. रागावण्याआधी हेही लक्षात असू द्या.

निवांत घुबड

किशोरांच्या मेंदूबद्दल ‘२५ वर्षांपर्यंत पक्का होत नाही’ हे वाक्य इतकं फिरतं की एक खुलासा. मेंदूचा आकार सहाव्या वर्षीच प्रौढाच्या नव्वद टक्क्यांवर पोचतो. पुढे होते ती चेतापेशींमधल्या नको त्या जोडण्यांची छाटणी आणि त्यांच्या तारांवरचं आवरण. कपाळामागचा भाग सगळ्यात उशिरा, विशीतही चालू. पण पंचविसाव्या वाढदिवसाला कुठलं बटण दाबलं जात नाही; तो उतार हळूहळू सपाट होतो.

कामाचा फरक थंड आणि गरम निर्णयांतला. शांतपणे, वेळ देऊन विचारलं तर सोळा वर्षांचं मूल तर्कात प्रौढाच्या जवळपास असतं. सोबत्यांसमोर ते कोसळतं. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात हे दाखवलं: सोबती बघत असले की किशोर जास्त धोका पत्करत, मोठ्यांत तो फरक जवळजवळ नव्हताच. म्हणून ‘असं झालं तर काय करशील’ हे आधी, एकटं असताना ठरवून ठेवलेलं उपयोगी पडतं. चारचौघांत दिलेला उपदेश वाया.

झोप: वयात आल्यावर झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा वाढायला लागतं, जवळपास दोन तासांपर्यंत, आणि दिवसभरात झोपेचा दाबही सावकाश साठतो. गरज मात्र ८ ते १० तासांची राहते (६ ते १२ वयात ९ ते १२). दहाला अंथरुणात घालून झोप येत नाही त्याला आळस किंवा उद्धटपणा म्हणू नका. उपाय सकाळच्या बाजूने: उठल्या उठल्या उजेड, आणि सुट्टीला रोजच्यापेक्षा फार तर तास-दोन तास उशिरा उठणं. सुट्टीला दुपारपर्यंत झोपू दिलं तर घड्याळ आणखी उशिराकडे सरकतं.

कच्चा लिंबू

शेवटची शंका. वय १३, मुलगा, हाताच्या एक्सरेवरून हाडाचं वय ११ सांगितलं. दोन वर्षं मागे म्हणजे आजार?

उंबरठा

नुसत्या एक्सरेवरून नाही. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्सरे ग्रॉयलिश आणि पायल यांच्या चित्रसंचाशी ताडून बघतात, आणि दोन वाचणाऱ्यांत काही महिन्यांचा फरक सहज पडतो. तीन गोष्टी शेजारी ठेवा. गेल्या वर्षातला वेग ४-५ सेंमी आहे, आईवडिलांपैकी कुणी उशिरा वयात आलं होतं, आणि ११ हेच वय धरून वाढीच्या तक्त्यावर ठिपका ठेवला तर तो घरच्या उंचीच्या पट्ट्यात बसतो: मग हे बहुधा नुसतं उशिराचं घड्याळ. त्याच्याकडे वाढायला वेळ जास्त आहे.

वेग ४ च्या खाली, किंवा तक्त्यावरच्या दोन रेषा ओलांडून खाली घसरण, किंवा वजनही घटतंय, तर मात्र थायरॉइड, आतड्याचे आजार, वाढीचं संप्रेरक हे सगळं तपासायला हवं. मुलगी खूपच बुटकी असेल तर गुणसूत्रंही.

बाकी वयाच्या मर्यादा अशा: मुलीत ८ च्या आधी किंवा मुलात ९ च्या आधी सुरुवात झाली तर दाखवा. मुलीत १३ पर्यंत आणि मुलात १४ पर्यंत काहीच नसेल तरी दाखवा. पाळी १५ पर्यंत किंवा पहिल्या गाठीनंतर तीन वर्षांत आली नाही, तरीही.

मोजपट्टी

यात एकच जोडतो. दाखवायला जाताना जुन्या मापांचा कागद तारखांसकट न्या. शाळेच्या नोंदी, लसीकरणाचं कार्ड, दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणा, काहीही चालेल. दोन वर्षांपूर्वीचा एक आकडा हाताशी असला तर वेग तिथल्या तिथे निघतो. नसला तर मोजून परत पाठवतात आणि सहा महिने थांबावं लागतं.